रुद्राचे अश्रू आणि बंद टाकी

तैत्तिरीय संहितेत एक लहानशी कथा आहे. देवासुरांच्या युद्धाच्या वेळी देवांनी आपले धन अग्नीपाशी ठेव म्हणून ठेवले. अग्नीला त्याचा लोभ सुटला आणि तो ते घेऊन चालता झाला. पुढे विजयी देवांनी त्याला गाठून ते बळाने हिसकावून घेतले तेव्हा तो रडला, रडला म्हणून रुद्र ठरला, आणि त्याच्या डोळ्यांतून जे अश्रू गळले त्यांचे रुपे झाले. सबब यज्ञात रुप्याची दक्षिणा देऊ नये. जो देईल त्याच्या घरी वर्षाच्या आत रडणे होईल. नियम, नियमामागची हकीकत आणि नियम मोडणाऱ्याच्या घरी ओढवणारा परिणाम अशी तिची बांधणी आहे. पस्तीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकविताना ती मी दरसाल सांगत आलो. तरी ती आपल्या जातीने सुरक्षिततेच्या शिक्षणाची कथा आहे हे माझ्या ध्यानात आले ते निवृत्तीनंतर, आणि तेही एका रासायनिक कारखान्याच्या उपाहारगृहात, उसने हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो असताना.

माझा भाचा त्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कोकणपट्टीतल्या औद्योगिक वसाहतींत तसे पुष्कळ आहेत. पाळीच्या आरंभी कामगारांना पाच-दहा मिनिटे जमवून त्या दिवशीच्या कामातले धोके समजावून सांगण्याचा शिरस्ता अशा ठिकाणी असतो. त्याला 'टूलबॉक्स टॉक' म्हणतात, आणि कामगारांच्या बोलण्यात त्याचा नुसता 'टॉक' होतो. वर्षानुवर्षे तीच कलमे त्याच स्वरात वाचली गेल्यामुळे ऐकणाऱ्यांचे चित्त ठिकाणावर राहत नाही, म्हणून व्यवस्थापनाने अलीकडे संगणकाकडून कथा लिहवून घेण्याचा उपक्रम सुरू केला होता. धोक्याचे नाव, यंत्राचे नाव आणि भाषा एवढे सांगितले की मिनिटाच्या आत पात्रे, संवाद, हळहळ आणि उपदेश यांसह कथा हाती येते; मराठीत, हिंदीत, ओडियात, कामगार जेथून आला असेल तेथल्या भाषेत. भाच्याला त्याचे मोठे कौतुक होते. "मामा, तुम्ही भाषेची माणसं, एकदा ऐकून तर जा," असा त्याने आग्रह धरला, म्हणून मी गेलो होतो.

त्या दिवशीची कथा बंद टाकीत उतरण्याविषयी होती. रमेश नावाचा एक तरुण कामगार; घरी वृद्ध आई आणि लहान मुलगी; पाळी संपत आलेली आणि मुलीच्या वाढदिवसाला लवकर पोहोचायचे. तो 'परमिट', म्हणजे आत उतरण्याची लेखी परवानगी, न घेताच नायट्रोजनने भरलेल्या टाकीत उतरतो. उतरताच त्याला वायूचा उग्र वास येतो, तो हाक मारतो, आणि ती हाक ऐकून त्याचा मित्र सुरेश क्षणाचाही विलंब न लावता मागोमाग आत उडी घेतो व त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणतो. शेवटी रमेश मुलीला पोटाशी धरून यापुढे नियम मोडणार नाही अशी प्रतिज्ञा करतो. कथा ऐकायला वाईट नव्हती. दोघा-तिघा पोरांचे डोळे पाणावलेले मी पाहिले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या एका कंत्राटी हेल्परने हळूच विचारले, "हे कुठं झालं?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून निवृत्तीला आलेल्या एका ऑपरेटरने हात वर केला. "साहेब, नायट्रोजनला वास कसला?" भाचा गप्प झाला. मग त्या गृहस्थांनी, जराही आवाज न चढविता, दुसरा प्रश्न विचारला: "आणि त्या सुरेशला वर कुणी काढला?"

हे दोन प्रश्न मी घरी घेऊन आलो, आणि ते का विचारले गेले हे समजून घेण्यासाठी मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी थोडे रसायन आणि थोडे शरीरशास्त्र वाचावे लागले. आपण श्वासावाटे जी हवा घेतो तिचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. ज्वालाग्राही द्रव्याची टाकी पेट घेऊ नये म्हणून तिच्यातली हवा काढून तेथे नायट्रोजन भरतात, आणि त्यामुळे अग्नीच्या दृष्टीने ती टाकी जितकी निर्धोक होते तितकीच मनुष्याच्या दृष्टीने प्राणघातक होते. यातली क्रूर गोष्ट अशी की गुदमरल्याची जी भावना आपल्याला सावध करते ती प्राणवायूच्या अभावाने फारशी उत्पन्न होत नाही. ती उत्पन्न होते शरीरात साठणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूमुळे. नायट्रोजनमध्ये श्वास घेणारा मनुष्य तो वायू नेहमीप्रमाणे बाहेर टाकीत असतो, म्हणून त्याला काहीही वावगे वाटत नाही, आणि एक-दोन श्वासांत तो कोसळतो. हाक मारायला त्याला अवधी मिळत नाही. वास येईल तेव्हा मागे फिरू, अशी समजूत घेऊन जो कामगार त्या सकाळी उपाहारगृहातून उठला असता, त्याला त्या कथेने प्रत्यक्ष मृत्यूच्या दाराशी नेऊन सोडले असते.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. बंद जागेत जे बळी पडतात त्यांत पहिल्याला वाचवायला धावलेल्यांचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेने १९८६ साली काढलेल्या पुस्तिकेत तो साठ टक्क्यांहून अधिक सांगितला आहे. आपल्याकडे गटाराच्या किंवा मैलाटाकीच्या दुर्घटनेची बातमी येते तीत एकामागून एक उतरलेले दोघे, तिघे, कधी सख्खे भाऊ असतात, याचे कारण हेच. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३६ व्या कलमात अशा जागी उतरणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधावा आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाने हातात धरावे, अशी तरतूद होती. बाहेरच्या माणसाने आत जायचे नाही, दोर ओढायचा आणि मदतीला बोलवायचे, एवढ्यासाठी ती होती. संगणकाच्या कथेतला दोर कोठे होता? तेथे मित्रप्रेम होते.

आता, अशा कथांविषयी कोणाही विचारी माणसाच्या मनात प्रथम जो आक्षेप येतो तो हा की त्या खोट्या असतात. रमेश नव्हता, सुरेश नव्हता, टाकीही नव्हती. पण हा आक्षेप आपल्या परंपरेत फार पूर्वी निकालात निघालेला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात रुद्राच्या अश्रूंसारखीच वाक्ये विचाराला घेतली आहेत. पूर्वपक्ष म्हणतो की वेदाचे प्रयोजन कर्तव्य सांगणे हे असल्यामुळे ज्या वाक्यातून काहीच कर्तव्य निष्पन्न होत नाही ते व्यर्थ होय. अग्नी रडला, मग आम्ही काय करावे? सिद्धान्ती उत्तर देतो की ते वाक्य एकटे उभे नाही. शेजारच्या विधीशी किंवा निषेधाशी त्याची एकवाक्यता आहे, आणि त्या विधीची स्तुती अथवा निषिद्धाची निंदा करून ऐकणाऱ्याचे मन वळविणे हे त्याचे काम आहे. अशा वाक्याला अर्थवाद म्हणतात. अग्नीच्या अश्रूंचे खरोखर रुपे झाले की नाही याची चौकशी करण्याच्या भानगडीत मीमांसक पडत नाही. विष्णुशर्म्याला सिंहाच्या आणि सशाच्या संवादाचा साक्षीदार कोणी मागितला नाही, तसेच हे.

कल्पित आणि असत्य यांच्यात मात्र एक भेद आहे, आणि तो 'नरो वा कुंजरो वा' या प्रसंगाने मराठी माणसाच्या जिभेवर कायमचा ठेवला आहे. द्रोणाला अश्वत्थाम्याच्या मृत्यूचे वृत्त कथा म्हणून सांगितले गेले नाही, बातमी म्हणून सांगितले गेले. म्हणूनच त्याने शस्त्र खाली ठेवले आणि म्हणूनच धर्मराजाचा रथ भुईला टेकला. माझ्या शेजारच्या हेल्परने "हे कुठं झालं?" असे विचारले त्या अर्थी त्याने ती कथा बातमी म्हणून घेतली होती. ती कल्पित आहे असे कोणी आरंभी सांगितले नव्हते. हेतू चांगला होता हे खरे. पण चांगला हेतू त्या दिवशी कुरुक्षेत्रावरही होता.

ज्या तर्काने वेदांना निर्दोष ठरविले गेले तोच तर्क आज कोणी उच्चार न करता संगणकाला लावला जात आहे, याचे मला विशेष नवल वाटते. मीमांसक म्हणत की शब्दात जे दोष येतात ते बोलणाऱ्यामुळे येतात; त्याचे अज्ञान, त्याचा प्रमाद, त्याची फसविण्याची इच्छा शब्दात उतरते; वेदाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय आहे, म्हणून तेथे दोषाला जागाच नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकाला विचारा: ही कथा कोणी लिहिली? कोणी नाही, यंत्राने. यंत्राला पक्षपात नाही, कंटाळा नाही, कोणाचे हितसंबंध नाहीत. परंतु यंत्राचा शब्द अपौरुषेय नसून बहुपौरुषेय आहे. अगणित माणसांनी लिहिलेल्या कथा, कादंबऱ्या, चित्रपटांच्या हकीकती आणि बातम्या यांच्या राशीतून तो घडलेला असतो. त्या सर्वांचे दोष त्यात विरघळलेले असतात, आणि त्यांपैकी एकाचीही जबानी घेता येत नाही. नायट्रोजनला उग्र वास कोणी दिला? बहुधा ज्यांनी ज्यांनी 'विषारी वायू' हे शब्द लिहून पुढे 'उग्र वास' लिहिला त्या सर्वांनी मिळून.

नैयायिकांची भूमिका मला येथे अधिक उपयोगाची वाटते. गौतमाने शब्दप्रमाणाचे लक्षण करताना ते आप्ताच्या उपदेशावर ठेवले. आणि आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना वात्स्यायनाने ना कुळ मागितले ना विद्या. वस्तू जशी आहे तशी ज्याने साक्षात् जाणली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो स्पष्टपणे लिहितो. या कसोटीने त्या उपाहारगृहात आप्त एकच होता. त्याच्यापाशी ना ध्वनिक्षेपक होता ना कागद, आणि त्याला बोलायला कोणी सांगितलेही नव्हते.

यंत्राने चुकीचे तपशील लिहिले हा दोष कदाचित् सुधारता येईल. पुढच्या वर्षीचे यंत्र नायट्रोजनला वास देणार नाही. पण सुरेशने टाकीत उडी का घेतली, या प्रश्नाचे उत्तर त्या यंत्राच्या अज्ञानात नाही. ते कथेच्या स्वभावात आहे. कथा रसाकडे धावते. मित्र आत पडलेला असताना जो मनुष्य बाहेर उभा राहून दोर धरतो, घंटा वाजवितो, सामग्री येईपर्यंत थांबतो, तो शास्त्राप्रमाणे वागतो; पण त्याच्यात वीररस नाही, आणि श्रोत्यांच्या मनात तो भेकड ठरण्याचा संभव असतो. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या होती आणि बाहेर पडण्याची नव्हती, तरी जो शिरला तो अभिमन्यू आपल्या सर्वांच्या गळ्यातला ताईत झाला. त्याच्या मागोमाग येण्याचे वचन दिलेल्या पांडवांना जयद्रथाने तोंडाशीच अडविले, म्हणजे बाहेरचा दोर तुटला, आणि मग आत जे व्हायचे ते झाले. पण कोणत्याही कीर्तनकाराने त्या आख्यानाच्या शेवटी, बाहेर पडण्याची वाट ठाऊक नसेल तर आत जाऊ नये, असा निषेध सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. श्रोत्यांनी तो सहनही केला नसता. माणसाने हजारो वर्षे ज्या कथा आवडीने सांगितल्या त्यांच्यावरच पोसलेले यंत्र सुरेशला आत ढकलणार नाही तर काय करील? अर्थवाद विधीला जोडलेला असावा असे मीमांसक का बजावतात ते मला येथे कळले; सुटा झालेला अर्थवाद उलट दिशेला पळतो.

याहून सूक्ष्म गोष्ट अभिनवगुप्ताने सांगून ठेवली आहे. भयानक रसाचे उदाहरण म्हणून तो शाकुंतलातले, दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून पळणारे हरिण घेतो, आणि म्हणतो की ते पाहताना प्रेक्षकाला जे भय प्रतीत होते ते 'मी भ्यालो' किंवा 'अमुक भ्याला' अशा संबंधापासून मुक्त असते. त्याला देश चिकटलेला नसतो, काळ चिकटलेला नसतो, म्हणूनच ते आस्वाद्य होते. याला साधारणीकरण म्हणतात. आता पाहा, कारखान्यात नेमके याच्या विरुद्ध घडावयास पाहिजे. तेथले भय आस्वाद्य झाले की ते वाया गेले. त्याला देश पाहिजे: ही टाकी, हे झाकण, ही शिडी. त्याला काळ पाहिजे: आज दुपारी. आणि त्याला 'मी' पाहिजे. 'एका कारखान्यात रमेश नावाचा कामगार होता' हे वाक्य जन्मतःच साधारणीकृत आहे; म्हणून त्या पोरांचे डोळे पाणावले, आणि पाणावलेल्या डोळ्यांनी ते चहा घेऊन हसतखेळत आपापल्या जागी गेले. मी त्यांना दोष देत नाही. उत्तम नाटक पाहून प्रेक्षक असाच हलका होऊन घरी जातो.

खऱ्या दुर्घटनांना असे हलके करण्याची सोय नसते, कारण त्यांची घडणच वेडीवाकडी असते. २७ जुलै २००५ चा मुंबई हायचा प्रसंग घ्या. आदल्याच दिवशी मुंबई शहर पाण्याखाली गेले होते. समुद्र खवळलेला होता आणि हेलिकॉप्टर उडण्याजोगी हवा नव्हती. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तेलविहिरींच्या मंचाजवळ असलेल्या एका साहाय्यक जहाजावरच्या स्वयंपाक्याने काम करताना बोटे कापून घेतली. उपचारासाठी त्याला मंचावर घेण्याच्या खटाटोपात ते जहाज मंचाला लागले आणि वायू वर आणणाऱ्या नळावर आदळले, आग भडकली, मंच अवघ्या दोन-एक तासांत कोसळला आणि २२ माणसे गेली. त्या जहाजाचे नाव होते 'समुद्र सुरक्षा'. असे नाव एखाद्या कथालेखकाने योजिले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून खोडले असते. आणि या सर्वांत दोष कोणाचा? स्वयंपाक्याचा? त्याला मदत मिळावी म्हणून धडपडणाऱ्यांचा? की असा वाहता वायू जेथे जहाजे लागतात तेथे उघडा ठेवणाऱ्या रचनेचा? कापलेल्या बोटापासून बुडालेल्या मंचापर्यंतची ही वाट कोणत्याही यंत्राला सुचली नसती, कारण तिच्यात उपदेश नाही. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा मंचावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे मेली ती अशीच, एका पंपाविषयीचे दोन परवाने वेगवेगळ्या कागदांवर होते आणि रात्रपाळीच्या हाती त्यांपैकी एकच पडला, एवढ्या आरंभापासून.

उलट संगणकाच्या कथा उपदेशाने ओथंबलेल्या असतात, आणि त्या उपदेशाची एक ठरीव दिशा असते. भाच्याने मला अशा पंधरा-वीस कथा पुढे वाचावयास दिल्या. त्यांतल्या जवळजवळ सर्वांत कामगार घाईत असतो, किंवा त्याचे लक्ष नसते, किंवा त्याला फाजील आत्मविश्वास असतो. पंप मात्र नीट असतो, झडप नीट असते, पाळीवर माणसे पुरेशी असतात, आणि पर्यवेक्षक बिचारा सकाळीच बजावून गेलेला असतो. हे वाचताना मला सत्यनारायणाची पोथी आठवली, जिची पूजा कित्येक कारखान्यांतून दरसाल मोठ्या थाटाने होते. साधुवाणी बोललेले व्रत विसरतो आणि कैदेत पडतो. कलावती प्रसाद टाकून धावते आणि नवऱ्याची नौका बुडते. नौकेच्या तळाला भोक होते काय, हे तेथे विचारायचे नसते. घेतला वसा टाकला, म्हणून बुडाली. ही सरणी आपल्याच श्रद्धाळूपणाची मिरास आहे असेही नाही. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख याने १९३१ साली औद्योगिक अपघातांवर जो ग्रंथ लिहिला त्यात ८८ टक्के अपघात कामगाराच्या असुरक्षित वर्तनाने होतात असा निष्कर्ष काढला होता, आणि तो आकडा पिढ्यान्‌पिढ्या प्रशिक्षणवर्गांतून मंत्रासारखा जपला गेला. तो निघाला होता विम्याच्या दप्तरातून आणि कारखानदारांकडच्या नोंदींतून. म्हणजे कैफियती लिहिणारे बहुतेक वरच्या बाजूचे होते. जे यंत्र अशा नव्वद वर्षांच्या लिखाणावर वाढले आहे ते रमेशला निर्दोष कसे सोडील?

भोपाळची गोष्ट या संदर्भात टाळता येत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एक कामगार मेला होता, आणि राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून पुढच्या संकटाचा इशारा वारंवार दिला होता. खरी कथा होती, सांगणारा होता. ऐकायला कोणी बसले नाही. त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन ४१-ख हे कलम आले, आणि आपण ज्यांच्याशी व्यवहार करतो त्या द्रव्यांच्या धोक्याची माहिती कामगारांना देणे हे मालकावर बंधनकारक झाले. माहिती, म्हणजे खरी माहिती. आपल्या कारखान्यात गेल्या वर्षी काय गळले, कोण थोडक्यात वाचला, कोणती झडप तीनदा बदलावी लागली, हे सांगण्याऐवजी कोणी रमेशची गोष्ट सांगत असेल तर ते त्या कलमाच्या हेतूला फाटा देणे होय, आणि कथेच्या मधाळपणामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते या कथांचा खरा धोका त्यांच्या खोटेपणात नसून त्या खऱ्या कथांची जागा अडवितात यात आहे.

तरीही या उपक्रमावर सरसकट काट मारावी असे मी म्हणणार नाही. खऱ्या अपघाताची कथा सांगायची तर मेलेल्याचे नाव येते, त्याच्या विधवेला ती गावभर ऐकावी लागते, आणि लहान वसाहतीत नाव झाकूनही ते झाकत नाही. ज्या कारखान्यात सुदैवाने काही घडलेले नाही तेथे सांगायला काही नसते, आणि तेथेच सर्वांत जास्त सांगायला हवे असते. भाषेचा प्रश्न तर फारच मोठा आहे. झारखंडातून आलेला पोरगा इंग्रजीतले फलक आणि मराठीतली कलमे यांच्या मध्ये मुका उभा असतो, आणि त्याला त्याच्या भाषेत चार वाक्ये सांगणारे यंत्र मिळाले तर त्याला मी नाही म्हणणार कोण? ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश रसायन-अभियंत्याने आयुष्यभर सांगितले की संस्थांना स्मृती नसते, स्मृती असते ती माणसांना, आणि माणसे बदली होऊन किंवा निवृत्त होऊन निघून जातात. अमेरिकेत स्पोकेन येथल्या संशोधकांनी म्हणूनच जुन्या खाणकामगारांना त्यांच्या हकीकती त्यांच्याच तोंडून सांगायला लावून त्यांची चित्रणे नवशिक्यांना दाखविली. हे काम यंत्राने करायचे नाही. पण त्या हकीकती उतरवून घेणे, त्यांची भाषांतरे करणे, एकच हकीकत तीन खात्यांना तीन प्रकारे लागू करून देणे, ही कारकुनी त्याला अवश्य द्यावी.

आणि या कारकुनीचा आदर्श आपल्याच भाषेच्या आरंभकाळात पडलेला आहे. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले तेव्हा ज्या ज्या माणसाने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली होती त्याच्याकडे, तो असेल तेथे, जाऊन त्याने ती विचारून घेतली, आणि दोघांच्या सांगण्यात अंतर पडले तर ते अंतरही पाठभेद म्हणून टिकले. अपघाताची चौकशी याहून वेगळी काय असते? केशिराजबासांच्या दृष्टांतपाठाची घडण तर या कामासाठी जणू मुद्दाम केल्यासारखी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. ११४ दृष्टांत आहेत, आणि ते कल्पित आहेत याची कोणालाही शंका नाही. पण एकही दृष्टांत सूत्रावाचून सुटा नाही, आणि तो आपल्याला कसा लागू हे सांगितल्यावाचून संपत नाही. रमेशच्या कथेला सूत्र नव्हते आणि दार्ष्टांतिकही नव्हते. 'आत जाऊ नये, दोर धरावा' हे सूत्र. रमेश हा दृष्टांत. आणि 'आपल्या दुसऱ्या मजल्यावरची ती टाकी, जिचे झाकण परवा उघडे होते' हे दार्ष्टांतिक. शेवटचा भाग यंत्राला कधीच येणार नाही, कारण झाकण परवा उघडे होते हे त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक असते मागच्या बाकावर बसलेल्याला.

भाच्याने, हे त्याच्या प्रामाणिकपणाला शोभेल असेच झाले, दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींपुढे उभे राहून कालच्या कथेत दोन घातक चुका होत्या असे सांगितले, आणि पुढचा 'टॉक' त्या ऑपरेटरांना द्यावयास सांगितले. ते सहा मिनिटे बोलले. एकोणीस वर्षांपूर्वी, ते दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला असताना, ज्याचा दोर त्यांच्या हातात होता त्या माणसाविषयी बोलले. तो वाचला होता. ही हकीकत तुम्ही इतकी वर्षे का सांगितली नाहीत, असे भाच्याने विचारले तेव्हा ते म्हणाले की विचारले नव्हते कोणी.

ज्या ज्या कारखान्यांत, खाणींत, बंदरांत आणि वीजकेंद्रांत अशा संगणकी कथा वाचल्या जात असतील तेथल्या अधिकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की कथा वाचण्यापूर्वी ती कल्पित आहे असे मोठ्याने सांगावे. त्याच्याही आधी ती त्या कामावर पंधरा-वीस वर्षे काढलेल्या एका माणसाच्या हाती, एका निळ्या पेन्सिलीसह, द्यावी. आणि तो जे खोडील ते, त्याला कारण न विचारता, खोडलेलेच ठेवावे.